चिरक्या आवाजाची कॅसेट

जुन्या कॉम्प्युटरसाठी कॅसेट भरायला बसवलं, की आजच्या लॅपटॉपचा तोरा पार उतरतो. प्रोग्रॅमची ध्वनिफाइल तो पापणी लवायच्या आत करून देतो. ती टेपवर उतरवताना मात्र चार-पाच मिनिटं नुसतं किरकिरत बसावं लागतं. पलीकडे बीबीसी मायक्रो आहे, आणि टेपवरून सेकंदाला 1200 बिटांपेक्षा जास्त काही त्याच्या कानात शिरत नाही. मोबाइलवरचा एखादा फोटो या वेगाने टेपवर घालायचा म्हटलं, तर तोवर रात्रीची एसटी रत्नागिरीहून सुटून मुंबईच्या वेशीला लागेल.

1981 साली इंग्लंडात निघालेलं हे यंत्र. 1984च्या सुमारास भारत सरकारने ‘क्लास’ योजनेतून शाळांना कॉम्प्युटर दिले, ते हेच. आमच्याकडचं मुंबईतल्या एका शाळेच्या भंगारातून आलं. मेमरी 32 किलोबाइट. आज यापेक्षा मोठं तर लग्नपत्रिकेचं चित्र असतं.

टेपवरची भाषा साधी आहे. शून्याला 1200 हर्ट्झची एक लाट, एकाला 2400 हर्ट्झच्या दोन. म्हणजे शून्य जरा भरड गळ्याचं आणि एक चिरकं. दोघं मिळून जे गातात ते ऐकून आमचे तात्या ओटीवरून ओरडतात, “स्टेशन हललंय रे, नीट लाव!”

भरताना लॅपटॉपची आवाज खुलवायची सगळी सोंगं बंद करायची, आणि व्हॉट्सॲप आधी. कुणाचा ‘शुभ सकाळ’चा टिंग टेपवर उमटला, की मायक्रो त्या 256 बाइटांच्या ठोकळ्यापाशी अडतो आणि पडद्यावर विचारतो, ‘डेटा?’ मला ते प्रश्नचिन्ह फार आवडतं. आजची यंत्रं सरळ चूक तुमच्या माथी मारतात. हा बिचारा शंका काढतो, मग टेप मागे घ्यायला सांगतो.

सगळं जमलं, तर मायक्रोच्या आतला रिले ‘टक्’ करतो, टेपरेकॉर्डरची मोटर फिरू लागते आणि पडद्यावर ठोकळ्यांचे आकडे चढतात. आठ, नऊ, आणि नऊनंतर ‘शून्य-ए’. दहा म्हणायला तो सोळापर्यंत थांबतो. पावसाळ्यात नेमकी याच वेळी लाइट जाते. लॅपटॉपला बॅटरी आहे, टेपरेकॉर्डरला सेल आहेत. मायक्रोला दोन्ही नाही, त्यामुळे ऐकलेलं सगळं तो क्षणात विसरतो.

खरी अडचण कॅसेटींची. बाजारात कोऱ्या सहज मिळत नाहीत, आणि घरच्या ट्रंकेतल्यांवर दमट हवेने पांढरी बुरशी धरलेली. धड निघाली ती तात्यांची आरत्यांची कॅसेट. पाठीवरचे टॅब तोडलेले. त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की भरता येते. पण तात्या बधेनात. शेवटी तह झाला: ‘बी’ बाजू माझी, ‘ए’ बाजू गणपतीची. चतुर्थीला घाईत कुणीतरी उलटी बाजू लावली आणि साऱ्या घराने टाळ हातात धरून अर्धं मिनिट 1200 बिटांचा वेग ऐकला. तात्या म्हणाले, “लय बरी आहे, पण शब्द कळत नाहीत.”