तेल घाणीचं नाही

(रंगमंचावर एक पाट, शेजारी पाण्याचा तांब्या. तो येतो, पाटाकडे पाहतो, पण उभाच राहतो.)

मी वर्ध्याचा. परवा पुण्यात कॉमेडीच्या कार्यक्रमात नाव द्याले गेलो. तिथल्या पोट्ट्यानं इचारलं, "तुझी श्टिक काय?" म्हटलं, लेका, आमच्याकडे नावाजलेली काठी एकच, ते बी सेवाग्रामले, बापू कुटीत! (थांबतो) हसला नाही बे तो.

मंग त्यानंच समजावलं. श्टिक हा यिडिश शब्द. यिडिश म्हणजे पूर्व युरोपातल्या यहुद्यांची बोली. अर्थ साधा : तुकडा. हा तुकडा बोटीत बसून न्यूयॉर्कले गेला आन् नाटकवाल्यांचा झाला. नटाची ठरलेली गंमत, जे पाहालेच पब्लिक येते. तिकडे जॅक बेनी नावाचा बुवा. स्टेजवर सदा कंजूस आन् सदा 39 वर्षांचा! इकडे आपले दादा कोंडके. माणूस नंतर दिसे, नाडी आधी.

आता हा शब्द आपल्याले काहून नाही भेटला? कोकणातले आपले बेने इस्रायल यहुदी ना बाप्पा, पण घरात बोलत मराठी. तेल गाळत, शनिवारी घाणा बंद. गावानं नाव पाडलं, शनिवार तेली. म्हणजे यिडिश नाही आली, घाणा होताच! आन् घाणीचं वर्धेकराले सांगू नका. 1934 साली बापूंचे साथी कुमारप्पा यांचा ग्रामोद्योग संघ निघाला, मगनवाडीत बसला. तिथली 'वर्धा घाणी' देशभर गेली, आन् आमच्या बाबांच्या डोक्यात कायमची राहिली.

(पाटावर मांडी घालतो.)

लगनाची पंगत. पानात वांग्याची भाजी पडली. बाबा हात लावत नाहीत. (वाकून वास घेतो. डोळे मिटतो. फार वेळ.) दोन्ही रांगा थांबतात. पोळीवाला थांबते. मंग बाबा डोळे उघडून सांगतात, "तेल घाणीचं नाही." तीस वर्षं! हेच वाक्य, हाच वास. लोक म्हणतात, आता जेवा.

परवा मावसभावाच्या लगनात बाबांचा घसा बसला. वास घेतला, तोंड उघडलं, आवाजच नाही. पंगत ताटकळली. शेवटी वाढपी खाली वाकला, म्हणाला, "काका, तेल घाणीचं नाही."

बाबांले असा राग आला, घसाच सुटला! "तू कोण सांगणारा? वास मी घेतला!"

(उठतो, पाट काखेत मारतो.)

तुमच्याकडे लगन असन तर पत्रिका धाडजा. मी एकटा येत नाही, बाबांले घेऊन येतो.

(जातो.)