फोडणी ड्राय बाल्कनीत द्यावी

घरात नवं मॉड्युलर किचन बसलं की पहिला नियम आपोआप लागू होतो: तिथे स्वयंपाक करायचा नाही. पांढरीशुभ्र ॲक्रिलिकची दारं, त्यांना हँडल नाही (हँडल असणं हे आता गावंढळपणाचं लक्षण आहे), तशाच पांढऱ्या क्वार्ट्झचा ओटा, कपाटांखाली दिव्यांची पट्टी आणि मधोमध काळ्या काचेचा चार बर्नरचा हॉब. अशा ठिकाणी मोहरी तडतडवणं म्हणजे नव्या कोऱ्या पैठणीवर वरण सांडणं. तेव्हा खरा स्वयंपाक ड्राय बाल्कनीत हलतो. वॉशिंग मशीन आणि केरसुणी यांच्या मधल्या जागेत जुनी दोन बर्नरची शेगडी मांडायची. मासे तिथे, तळण तिथे, लसणाची फोडणी तिथे. आतल्या हॉबवर ग्रीन टी होतो. त्यात तेल नसतं.

आम्हाला या व्यवस्थेबद्दल तक्रार नाही. ज्याचे पैसे, त्याचा ओटा. आमची शंका एवढीच, की ज्या मावशी रोज सकाळी येऊन या घरच्या पोळ्या-भाज्या करतात, त्यांना या सगळ्या उलाढालीत कोणी काही विचारलं का?

नाही विचारलं. इंटिरियरवाले येतात तेव्हा मावशींची यायची वेळ नसते. हातात टॅब, पहिला प्रश्न थीमचा: स्कॅन्डिनेव्हियन ठेवायचं की जपांडी? घरातले एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि महाग असेल ते हो म्हणतात. मग शटरचा रंग, बिजागरीची कंपनी, ड्रॉवर आवाज न करता मिटणारे हवेत की अगदीच आवाज न करता. रोज पोळ्या किती लागतात, हा प्रश्न त्या टॅबमध्ये नाही. परात कुठे जाणार, पोळपाट कुठे उभा राहणार, सोऱ्या वर्षातून दिवाळीपुरता लागतो पण उरलेलं वर्ष त्यानं कुठे काढायचं, यांतलं काहीही त्यात नाही. मग सुऱ्या-काट्या-चमच्यांचे कप्पे पाडलेला ट्रे येतो. लाटणं त्यात आडवं मावत नाही, उभं मावत नाही, तिरकं घातलं तर ड्रॉवर मिटत नाही. वाइनच्या बाटल्यांसाठी केलेल्या भोकात मात्र ते मापात बसतं. माळकरी घरातसुद्धा हे भोक असतंच. ते थीममध्ये आहे.

वरच्या कपाटांची दारं आता वरच्या बाजूला उघडतात, विमानाच्या पंखासारखी असं विक्रेता सांगतो. उघडतात खरी. छताला टेकतात. पाच फूट उंचीच्या बाईचा हात ती मिटवायला पोचत नाही, म्हणून झाऱ्याचा दांडा वापरावा लागतो. झाऱ्याचा हा उपयोग माहितीपत्रकात दिलेला नाही. ओट्याचंही तेच. परदेशी मापाचा ओटा जमिनीपासून नव्वद सेंटीमीटरवर येतो, कारण तिकडे माणसं तेवढी उंच. उभ्यानं काम करणाऱ्याच्या कोपरापासून चार-सहा इंच खाली ओटा असावा, हे साधं माप आहे आणि पोळ्या लाटायच्या तर त्याहून थोडा खाली चालतो, कारण लाटण्यावर वरून भार द्यावा लागतो. मावशी टाचा उंचावून लाटतात. मालकीणबाई बाहेर ट्रेडमिलवर असतात, टाचांचा व्यायाम दोघींनाही होतो.

चिमणीवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण घरातल्या सगळ्या पुरुषांना चिमणीबद्दल मत असतं. दुकानात ताशी १२०० घनमीटर असा आकडा सांगतात. तो पाइप न जोडता, मोकळ्या हवेतला असतो. पाइपाला वळण दिलं की ओढ कमी होते, दुसरं वळण दिलं की आणखी कमी. आपल्याकडे पाइप सरळ बाहेर काढायला सोसायटीची हरकत असते, दर्शनी भिंतीला भोक नको. मग तो फॉल्स सीलिंगमधून निघतो, तुळईला वळसा घालतो, कोपऱ्यात मान वाकवतो आणि बाथरूमच्या डक्टमध्ये तोंड काढतो. आपल्या सुक्या बोंबलांचा वास अशा रीतीनं वरच्या मजल्यावरच्या शाकाहारी बिऱ्हाडाच्या न्हाणीघरात पोचतो. शेजारधर्म कशाला म्हणतात! पाइपच नको असलेल्यांसाठी बिनपाइपाची चिमणी मिळते. ती हवा ओढते, कोळशाच्या गाळणीतून फिरवते आणि तीच हवा परत आपल्या तोंडावर सोडते. तेल थोडं अडतं, वास थोडा अडतो, वाफ आणि उकाडा सगळा परत. यापेक्षा खिडकी बरी, पण खिडकीला ईएमआय नसतो.

आता तर हात हलवून चालू-बंद होणाऱ्या चिमण्या आल्या आहेत. कणकेचा हात बटणाला लागू नये हा हेतू चांगलाच. पण लाल मिरचीची फोडणी नाकात गेली की माणूस पहिली गोष्ट काय करतो? तोंडापुढे हात हलवतो. चिमणी आज्ञाधारक, ती बंद पडते. घरभर ठसका.

वापरणाऱ्या बाईला न विचारता यंत्रं बनवायच्या या थोर परंपरेचं मूळ शोधायचं तर १९६९ सालापर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी नीमन मार्कस या अमेरिकेतल्या श्रीमंतांच्या दुकानाच्या नाताळच्या कॅटलॉगमध्ये हनीवेल कंपनीचा 'किचन कॉम्प्युटर' झळकला. किंमत १०,६०० डॉलर. तो पाककृती साठवणार, जेवणाचे बेत ठरवणार, शिवाय त्याला भाजी चिरायला अंगचीच फळी. त्याच्याशी बोलायचं कसं, तर पुढच्या बाजूच्या खटक्यांनी, शून्य आणि एकच्या भाषेत. तो उत्तर देणार दिव्यांच्या उघडझापेतून. म्हणून किमतीतच दोन आठवड्यांचा प्रोग्रॅमिंगचा वर्ग धरला होता. बाईनं पंधरवडाभर वर्गाला जायचं, घरी येऊन खटके वरखाली करायचे आणि यंत्राला विचारायचं, गाजराबरोबर काय करू? जाहिरातीचा सूर असा, की यंत्र जितका छान हिशोब करतं तितका छान स्वयंपाक हिला आला तर काय हवं! हे कोणा बाईला दाखवून छापलं असेल असं वाटत नाही. एकही यंत्र विकलं गेल्याची नोंद सापडत नाही.

तरी माणूस शहाणा होत नाही, आणि गुंतवणूकदार तर नाहीच. २०१६ साली अमेरिकेत ज्युसेरो नावाचं रस काढायचं यंत्र आलं, ६९९ डॉलरचं. फळं-भाज्यांचे तुकडे भरलेली कंपनीचीच पिशवी आणायची, यंत्रात अडकवायची. यंत्र वायफायवरून पिशवीची तारीख तपासणार आणि मगच पिळणार. तारीख उलटली असेल तर पिळणार नाही. या कल्पनेवर सुमारे बारा कोटी डॉलर उभे राहिले. २०१७ च्या एप्रिलमध्ये ब्लूमबर्गच्या बातमीदारांनी ती पिशवी हातानं पिळून पाहिली. रस आला, जवळजवळ तेवढाच आणि तेवढ्याच वेळात. सप्टेंबरपर्यंत कंपनीनं दुकान बंद केलं. पुरणाची डाळ चाळणीवर वाटीनं घासून वाटणाऱ्या कुठल्याही आजीनं हा प्रयोग पहिल्याच दिवशी केला असता आणि बारा कोटी वाचवले असते. पण आजीला बोर्डावर घेत नाहीत.

एलजीनं २००० साली इंटरनेट जोडलेला फ्रीज आणला, तेव्हापासून फ्रीजला बोलायला शिकवण्याचं काम चालू आहे. आत काय आहे ते त्याच्या दारावरच्या पडद्यावर दिसतं. दार उघडलं तरी दिसतं, हा भाग वेगळा. अलीकडे अमेरिकेत सॅमसंगनं आपल्या काही महागड्या फ्रीजच्या पडद्यावर जाहिराती दाखवायला सुरुवात केली. विकत घेतलेल्या फ्रीजनं मालकालाच काही विकायला काढावं, यापुढे उपहास लिहिणाऱ्यानं करायचं काय उरलं?

बरं, विचारून केलेलं काम कसं होतं, याचीही उदाहरणं आहेत. ज्याला आज आपण मॉड्युलर म्हणतो त्याची आजी म्हणजे १९२६ सालचं फ्रँकफर्ट किचन. मार्गारेटे श्युट-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी ते कामगारवस्तीतल्या छोट्या घरांसाठी आखलं: सुमारे सव्वासहा फूट बाय अकरा फूट. सरकवता येणारा छताचा दिवा, घडीची इस्त्रीची फळी, जिन्नस ओतायला चोच असलेले ॲल्युमिनियमचे कप्पे, पिठाला अळ्या लागू नयेत म्हणून ओक लाकडाचे ड्रॉवर. दहा हजारांच्या आसपास घरांत ते बसलं. गंमत म्हणजे त्याआधी आपण कधी स्वयंपाक केलाच नव्हता, हे बाईंनी पुढे स्वतःच सांगितलं. येत नव्हता म्हणूनच त्यांनी घरकाम करणाऱ्या बायकांना विचारलं आणि कामाला लागणारा वेळ मोजून घेतला. चुका राहिल्याच: एकावेळी दोघं उभं राहू शकत नव्हती, खालचे कप्पे पोरांच्या हाताला यायचे. पण पोळपाट नसलेल्या देशात त्यांनी जेवढा विचार केला, तेवढा पोळपाटाच्या देशात होत नाही.

आपल्याकडेही एकदा झाला होता. मुंबईत सीमेन्समध्ये अभियंता असलेल्या सत्यप्रकाश माथूर यांच्या घरचा ब्राउनचा जर्मन मिक्सर देशी वाटणापुढे मान टाकून बसला. तो मुळात मिल्कशेकच्या संस्कृतीतला. सुकं खोबरं, हळकुंड, भिजवलेली डाळ हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. त्यातून १९६३ साली 'सुमीत' उभा राहिला. दिसायला ठोकळा, आवाज असा की शेजारच्या बिऱ्हाडालाही चटणीची बातमी लागावी. पण घराघरांतला पाटा-वरवंटा त्यानं उठवला. त्याला ॲप नव्हतं.

पोळीचं यंत्रही आलं आहे. सिंगापुरात प्रणोती नगरकर आणि ऋषी इसरानी या दांपत्यानं बनवलेलं रोटीमॅटिक. पीठ, पाणी, तेल आपापल्या कप्प्यांत भरायचं; ते मळतं, दाबतं, भाजतं आणि मिनिट-दीड मिनिटाला एक रोटी बाहेर टाकतं. त्यालाही वायफाय आहे, म्हणजे फुलक्याला सॉफ्टवेअर अपडेट येतो. हे महागडं प्रकरण न्यूजर्सीतल्या मराठी घरात गेलं तर आम्ही हसणार नाही. तिथे सकाळी बेल वाजवणाऱ्या मावशी नाहीत, आणि फ्रोझन पोळीपेक्षा यंत्राची गरम रोटी केव्हाही बरी. पण तेच यंत्र कोथरूडमध्ये आणून ओट्यावर मांडायचं, आणि त्याच्या शेजारी मावशींनी घडीच्या पोळ्या लाटायच्या, कारण घडीची त्याला जमत नाही! यंत्र रोज पुसून ठेवायचं कामही मावशींचंच.

एअर फ्रायरबद्दल थोडक्यात. फिलिप्सनं २०१० साली आणलेला हा छोटा भट्टीवजा डबा आहे, आत तापलेली तार आणि पंखा. त्यात कोथिंबीर वडी बरी होते. साबुदाणा वडा होतो, पण तो तळलेला नाही हे खाणाऱ्याला सांगावं लागत नाही.

खरा घोळ भांड्यांचा. आजीची पितळी पातेली मोडीत देऊन आईनं स्टील घेतलं, स्टील माळ्यावर टाकून सुनेनं नॉनस्टिक घेतलं, आणि आता नात ऑनलाइन 'हँडक्राफ्टेड' पितळी पातेलं मागवते, कलईसकट, मोडीच्या भावाच्या कितीतरी पटीनं. ते घरी आल्यावर कळतं की इंडक्शनला पितळ चालत नाही. चुंबक चिकटेल अशा बुडाचं भांडं लागतं. मग पातेलं शोभेच्या फडताळात आणि वरण पुन्हा स्टीलमध्ये.

एक गोष्ट उपहासात बसत नाही, तरी सांगतो. तो पांढरा क्वार्ट्झचा ओटा म्हणजे नव्वद टक्क्यांच्या आसपास दगडाची पूड आणि बाकी राळ. हळद पडून राहिली तर राळ पिवळी होते, कुकर थेट टेकवला तर डाग पडतो. काळ्या कडप्प्याला यातलं काही होत नाही. पण क्वार्ट्झ कोरडा कापताना जी धूळ उडते ती कापणाऱ्याच्या फुप्फुसात बसते, आणि तिथून निघत नाही. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या रोगापायी ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून असा कृत्रिम दगड बनवण्यावर, विकण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली. आपल्याकडे इमारतीच्या पार्किंगमध्ये पोरगा नाकाला रुमाल बांधून तो कापत असतो. त्यालाही कोणी काही विचारलेलं नसतं.

तेव्हा नवं किचन करणार असाल तर कोटेशनवर सही करण्याआधी एवढं करा. कटर पाण्यावर चालेल, हे ठेकेदाराकडून लेखी घ्या. आणि एक सकाळ इंटिरियरवाल्यांना मावशींच्या वेळेला बोलवा. त्यांना ओट्यापाशी उभं करा, मावशींना नेहमीसारखं काम करू द्या आणि टेप मावशींच्या कोपराला लावा. परात, पोळपाट, सोऱ्या टेबलावर काढून ठेवा, म्हणजे मापं घेता येतील. त्या सकाळचे पैसे मावशींना वेगळे द्या. इंटिरियरवाले कन्सल्टेशनचे घेतातच.