देहू रोड म्हणजे देहू नव्हे

आमच्या देहूला रेल्वे नाही. हे सांगितलं की बाहेरगावचा माणूस हमखास उसळतो, "असं कसं? लोणावळा लोकल थांबते की तिथं!" थांबते. आकुर्डी गेलं की बेगडेवाडीच्या अलीकडे थांबते, पण ते देहू रोड. ती लष्कराची छावणी. तिथं दारूगोळ्याचा डेपो आहे, 1954 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेली बुद्धमूर्ती आहे, भरलेला बाजार आहे. देहू तेवढं नाही. ते आणखी पाच-सहा किलोमीटर आत, इंद्रायणीच्या काठी. गावाला याचं फारसं वैषम्य नाही. तुकोबांना न्यायला थेट विमान आलं होतं अशी ज्या गावाची श्रद्धा, ते लोकलसाठी कशाला रुसून बसेल?

रेल्वेच्या बाजूनं एक मात्र कबूल करायला हवं. नावापुढे 'रोड' लावून तिनं आधीच हात वर केले आहेत. नाशिक रोड, सावंतवाडी रोड, देहू रोड. जाणता प्रवासी समजून घेतो की इथं गाव नाही, गावाला जाणारा रस्ता आहे आणि पुढचं आपलं आपण बघायचं आहे. मेट्रो आली आणि हा जुना सरळपणा गेला. 6 मार्च 2022 रोजी पिंपरी ते फुगेवाडी गाडी सुरू झाली, तेव्हा 'भोसरी' नावाचं स्टेशन उभं होतं नाशिक फाट्यावर. भोसरीच्या माणसाला भोसरी स्टेशन गाठायला रिक्षा करावी लागे, आणि तो रिक्षावाल्याला सांगे, "नाशिक फाटा." बऱ्याच कुरबुरीनंतर नाशिक फाटा हे नाव पुढे आलं. त्यानं कुणाची फसगत होत नाही. तिथं उतरून कुणी काळाराम मंदिर शोधत नाही, कारण फाटा म्हणजे काय हे आपल्याला पाळण्यातच शिकवतात.

खरी गंमत त्याच्या शेजारच्या स्टेशनाची. बीजेच्या आदल्या दिवशी मेट्रोत लातूरकडच्या एक आजी भेटल्या. गळ्यात तुळशीची माळ, पायाशी पिशवी, पिशवीतून डोकावणारी पितळी टाळांची जोडी. दरवाजावरच्या पट्टीत नातवानं त्यांना बोटानं नाव दाखवलं होतं : संत तुकाराम नगर. आजी उठून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "आजी, हे देहू नव्हे. ही पिंपरीतली वसाहत आहे. खाली वल्लभनगरचं एसटी स्टँड लागेल."

"मग महाराजांचं नाव कशापायी दिलं?"

"आदरापोटी, आजी."

"आदर करायचा तर गाडी घरापत्तोर न्यावी," असं म्हणून त्या पुन्हा बसल्या. नगररचनेवर इतकी नेमकी टीका मी कुठल्याही परिसंवादात ऐकलेली नाही.

नकाशानं खोटं बोलावं की नाही, हा वाद तसा जुना. 1931 साली लंडनमध्ये हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समननं तिथल्या भुयारी रेल्वेचा नकाशा विजेच्या सर्किटसारखा काढला. सगळ्या रेषा उभ्या, आडव्या नाहीतर पंचेचाळीस अंशांत. शहराच्या मधल्या भागात स्टेशनांची दाटी होती ती ऐसपैस केली, लांबची उपनगरं जवळ ओढली. जमिनीवरच्या खुणांपैकी एक थेम्स नदी राखली, तीही कोपरे मोडून. साहेबांना हे फारच वाटलं आणि त्यांनी नकाशा परत केला. 1933 साली छापला, तेव्हा लोकांनी उचलून धरला. बोगद्यात बसलेल्या माणसाला वरती रस्ता कुठे वळला याच्याशी कर्तव्य नसतं. किती स्टेशनं राहिली आणि गाडी कुठे बदलायची, एवढंच त्याला हवं असतं. आता कोव्हेंट गार्डन आणि लेस्टर स्क्वेअर या दोन स्टेशनांत जेमतेम 260 मीटर अंतर आहे, ते नकाशात कळत नाही आणि नवखे पाहुणे तिकीट काढून तेवढ्यासाठी जमिनीखाली उतरतात. ही किंमत धरूनच चालायची. पुढे 2009 मध्ये कुणीतरी नकाशातून थेम्सही पुसली, तर एवढी ओरड झाली की नदी परत आणावी लागली.

न्यूयॉर्कचे लोक जास्त कडक. मास्सिमो विग्नेल्लीनं 1972 साली त्यांना असाच देखणा नकाशा करून दिला, पण त्यात लांबोडकं सेंट्रल पार्क चौकोनी झालं आणि पाणी निळं राहिलं नाही. 1979 मध्ये तो बाद झाला. 2025 मध्ये त्याच वळणाचा नकाशा पुन्हा आणला. नकाशांचंही सुनांसारखंच असतं, पहिली पन्नास वर्षं नावं ठेवून झाली की मग घरातलं कुणाचं त्यांच्यावाचून हलत नाही.

बेकला जे सुचलं ते वारकऱ्याच्या खिशात आधीपासून होतं, असं मला पालखीचं वेळापत्रक बघताना वाटतं. चार घड्या घातलेला, घामानं मऊ झालेला कागद. तिथी, दुपारचा विसावा, रात्रीचा मुक्काम. देहू, आकुर्डी, पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड... अशी नुसती नावं. रस्ता कुठे वळतो, चढ कुठे आहे, काही नाही. रिंगण मात्र गावासह छापलेलं, कारण ते चुकवायचं नसतं. या कागदावर अख्खी पालखी पंढरपूरला पोचते. कुणी अजून तक्रार केलेली नाही की इंदापूर कागदावर जवळ दिसलं आणि पायांना लांब पडलं.

म्हणून रेषा वाकवल्या, अंतरं दाबली, याबद्दल माझं मेट्रोशी भांडण नाही. पिंपरी ते स्वारगेट ती जांभळी रेघ त्यांनी खुशाल फूटपट्टीनं मारावी. नावाशी मात्र खेळू नये. वाकडी रेषा प्रवाशाचं काही बिघडवत नाही. चुकीचं नाव त्याला चुकीच्या जिन्यावरून खाली उतरवतं, आणि खाली रिक्षावाला हसतमुखानं उभा असतो. एक हौस माझीही आहे. लोकलच्या नकाशात इंद्रायणी काढा. लोणावळ्याला जिथं लोकल संपते, त्याच डोंगरांत ती उगवते. लंडनची थेम्स राहते, मग आमच्या नदीनं काय घोडं मारलंय?

मेट्रो आता पिंपरीच्या पुढे निगडीकडे निघाली आहे. साडेचार किलोमीटरही नाही हा तुकडा. 2023 मध्ये केंद्रानं मंजूर केला. शेवट भक्ती-शक्ती चौकात, जिथं शिवराय आणि तुकोबांच्या भेटीचं शिल्प आहे. म्हणजे तुकोबा पुन्हा एकदा स्टेशनाशी आणि देहू पुन्हा एकदा पुढेच. तेव्हा नकाशा काढणाऱ्या मंडळींना हात जोडून एवढंच सांगणं आहे : शेवटच्या ठिपक्याखाली बारीक अक्षरांत 'देहूला जाण्यासाठी येथे उतरावे, पुढे बस' असं लिहा आणि शेजारी किलोमीटर टाका. तो आकडा तेवढा रिक्षावाल्याला विचारून टाकू नका.