राजवाडा कसा उरकावा

म्युनिकहून सकाळी साडेआठला कोच सुटेल, असे टूर मॅनेजर आदल्या रात्री जेवणाच्या टेबलाटेबलाशी जाऊन सांगतो. इच्छुकांनी आठलाच हजर राहावे. सव्वाआठला येणाऱ्यास मधल्या दाराजवळची जागा मिळत नाही, आणि या सहलीत मधल्या दाराजवळची जागा हेच खरे सिंहासन होय. (पुढे राजवाड्यात दुसरे सिंहासन पाहायला मिळणार नाही. का, ते यथावकाश येईल.) खिडकीचा मोह धरू नये. खिडकीवाल्याला बव्हेरियाची कुरणे दिसतात, गाई दिसतात, कांद्याच्या आकाराचे घुमट असलेली चर्चे दिसतात. पण स्वच्छतागृहाच्या रांगेत तो अडतिसावा असतो. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची एसटीतली विद्या इथे उपयोगी पडत नाही. कोचच्या काचा उघडत नाहीत.

सोबत घ्यावयाच्या वस्तू: पन्नास सेंटची नाणी, जितकी मिळतील तितकी. भडंग. गुडघ्याचा पट्टा. हॉटेलच्या नाश्त्यातून उचललेली केळी, मात्र ती माणशी एकच आणि उघडपणे हातात धरून न्यावी. पर्समध्ये घातलेले केळे डोंगर चढताना सूड घेते. छत्री घ्यावी. आल्प्सच्या पायथ्याशी ऊन पडले आहे म्हणून ती हॉटेलात ठेवणाऱ्यांचे फोटो नंतर ओळखू येतात.

प्रवास दोन तासांचा. या वेळात लोकल गाइड माइकवरून इतिहास सांगतो आणि या वेळात झोपणे हा प्रवाशाचा हक्क आहे. तरी काही गोष्टी अर्धवट झोपेतही कानावर पडू द्याव्यात, नाहीतर डोंगरावर उभे असलेले ते पांढरेशुभ्र प्रकरण, म्हणजे नॉयश्वानस्टाइन राजवाडा, किल्ला आहे असे वाटून गैरसमज होतो. मराठी माणसाचा तर हमखास होतो. बुरूज दिसला की कुठून चढाई झाली, किल्लेदार कोण होता आणि फितुरी कोणी केली, हे तो विचारणारच. नॉयश्वानस्टाइनवर कोणी चढाई केली नाही, कोणी फितूर झाले नाही आणि बुरुजावर कधी तोफ चढली नाही. पायाचा दगड बसला ५ सप्टेंबर १८६९ रोजी. तेव्हा मुंबई-ठाणे आगगाडी सुरू होऊन सोळा वर्षे झाली होती. चुनखडीच्या दगडाचे आवरण आहे, आत विटा आहेत, आणि सामान वर चढवायला वाफेवर चालणारी क्रेन होती.

बांधणारा दुसरा लुडविग. १८६४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी तो बव्हेरियाच्या गादीवर आला. दोनच वर्षांनी ऑस्ट्रियाच्या बाजूने लढून बव्हेरिया प्रशियाकडून हरला आणि राजाकडे राजेपणाचा थाट तेवढा उरला. राज्य करता येत नसेल तर निदान राज्य केल्यासारखे दिसेल असे काहीतरी बांधावे, हा विचार त्याच्याआधी आणि त्याच्यानंतरही अनेकांना सुचला आहे. लुडविगने तो मनापासून अमलात आणला, एवढेच. मूळ कल्पनाचित्रे काढली क्रिस्टियान यांक याने, आणि हा गृहस्थ रंगभूमीचे पडदे रंगवणारा होता. त्याचे पडदे विटा-दगडांत उतरवण्याचे काम वास्तुविशारदांकडे आले. राजा वाग्नरच्या संगीतिकांवर जीव टाकत असे, आणि राजवाडाभर त्या संगीतिकांतल्या कथांची चित्रे आहेत. वाग्नर १८८३ साली गेला. तो इथे एकदाही आला नाही.

एवढे कानावर पडले की पुन्हा डोळे मिटायला हरकत नाही. मात्र गाइड "आता डावीकडे पाहा" म्हणाला की सगळा कोच डावीकडे झुकतो. अशा वेळी उजवीकडच्यांनी डावीकडच्यांच्या डोक्यांचे फोटो काढून घ्यावेत. नंतर ते डिलीट करता येतात, पण कोणी करत नाही.

कोच होहेनश्वानगाऊ गावात थांबतो. समोर टेकाडावर एक पिवळा राजवाडा आहे. तो पाहून "अरे, हा तर फोटोतल्यापेक्षा लहान आहे" असे म्हणू नये. तो दुसरा. तो राजाच्या वडिलांचा, दुसऱ्या मॅक्सिमिलियनचा. लुडविगचे बालपण इथे गेले आणि पुढे इथल्याच एका खिडकीतून दुर्बीण लावून तो समोरच्या डोंगरावरचे बांधकाम कुठवर आले ते पाहत असे. ताबा मिळायच्या आधी दर रविवारी साइटवर चक्कर मारणाऱ्या पुणेकराला ही अस्वस्थता समजावून सांगावी लागत नाही.

वर जायचे तीन मार्ग आहेत आणि एकाच कुटुंबातील तिघांना तीन वेगवेगळे पसंत असतात. चालत गेल्यास पाऊण तास धरावा. घोडागाडी डौलदार आहे, पण ती दारापर्यंत जात नाही; शेवटचा चढ पायीच चढावा लागतो, आणि तोपर्यंत पैसे दिलेले असतात. बस मारिएनब्रुक पुलाजवळ सोडते आणि तिथून राजवाड्याकडे उतार आहे. बर्फ पडला की तीही बंद. निर्णय काकूंनी घ्यावा. प्रत्येक ग्रुपमध्ये हरिश्चंद्रगड चढलेले एक काका असतात. ते "हा काय चढ आहे?" म्हणत सँडलवर पुढे निघतात आणि वळणावळणावर "निसर्ग पाहत" थांबलेले आढळतात. त्यांना ओलांडून जाताना काही बोलू नये. पाणी द्यावे.

तिकिटावर वेळ छापलेली असते. १२:२५ म्हणजे १२:२५. "पाच मिनिटं इकडे-तिकडे" ही सोय या देशात मिळत नाही: पडद्यावर तुमचा क्रमांक येतो, फाटक उघडते, बंद होते, आणि तिकिटाचा कागद होतो. हात जोडून, भारतातून आल्याचे सांगून, सोबतच्या ज्येष्ठ नागरिकांना पुढे करून फाटकाचे मतपरिवर्तन करण्याचा प्रयत्न करू नये. त्याला सेन्सर आहे, हृदय नाही.

लवकर पोहोचल्यास पुलावर जावे. मारिएनब्रुक हा राजाच्या आईच्या, मारीच्या नावाचा. पोलाट नदीच्या घळईवर सुमारे नव्वद मीटर उंच टांगलेला. जगभर कॅलेंडरांवर, बिस्किटांच्या डब्यांवर आणि जिगसॉ पझलच्या खोक्यांवर जो राजवाडा दिसतो, तो या बाजूने दिसणारा. १९५५ साली उघडलेल्या डिस्नेलँडच्या राजवाड्याने इथूनच उसनवारी केली. तरीही पुलावर उभे राहून "अगदी डिस्नेसारखं!" असे प्रत्येक भाषेत ऐकू येते. त्यात सुधारणा करायला जाऊ नये. मागे रांग असते. पुलावर माणशी एक उभा फोटो, एक आडवा, कुटुंबाचा एक. कुटुंबाचा फोटो काढायला परक्या माणसाला फोन दिल्यास तो हमखास राजवाडा कापतो आणि कुटुंब ठेवतो. पायाखाली फळ्या हलतात. खाली न पाहणे हे शहाणपणाचे. आणि पाहिलेच तर ते लगेच सर्वांना सांगू नये.

रांगेत उभे असताना बोलायला विषय हवा असेल तर एक देऊन ठेवतो. जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या अधिवेशनात मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि त्याच अधिवेशनात लुडविगचे राजवाडेही गेले. म्हणजे रायगड आणि हे, एका बॅचचे. शेजारच्या कोरियन कुटुंबाला हे सांगावे. ते नम्रपणे मान डोलावतात.

आता प्रत्यक्ष दर्शन. ते सुमारे अर्ध्या तासाचे असते. आत शिरण्यापूर्वी फोटोला बंदी असल्याचे सांगितले जाते आणि इथे ग्रुपमधील निम्म्या लोकांचा येण्यामागचा हेतूच नाहीसा होतो. हाताला काम नसल्याने ते प्रथमच इकडेतिकडे पाहू लागतात. वर चढायला १६५ पायऱ्या आणि उतरायला १८१. हा हिशेब लावत बसू नये, गुडघ्यांना तो कळतो.

सिंहासनाचे दालन सोन्याने झगमगते. जमिनीवर मोझेइक, त्यात प्राणी आणि झाडे, भिंतींवर संतपदाला पोहोचलेले राजे, शेवटी संगमरवरी पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या वर काही नाही. मराठी ग्रुपमध्ये या क्षणी "नेलं असणार कोणीतरी" अशी कुजबुज होते. रायगडाच्या अनुभवावरून ती स्वाभाविक आहे. पण इथे सिंहासन कोणी नेले नाही. ते आलेच नाही. राजा आधी गेला आणि ऑर्डर रद्द झाली.

शयनगृहातले लाकडी कोरीवकाम चौदा कारागिरांनी साडेचार वर्षे केले. हात धुण्याच्या जागी चांदीचा हंस आहे. दिवाणखान्याच्या पलीकडे, लेखनाच्या खोलीत जाताना, वाटेत गुहा लागते: खोटी, लवणस्तंभांसकट, तिसऱ्या मजल्यावर. गाइड या गुहेकडे बोट दाखवतो. तो ज्याकडे बोट दाखवत नाही, तिकडे सुज्ञांनी लक्ष द्यावे. या मध्ययुगीन वाड्यात गरम हवेची मध्यवर्ती व्यवस्था होती, नोकरांना बोलावायला विजेच्या घंटा होत्या, टेलिफोन होता, प्रत्येक मजल्यावर वाहते पाणी होते आणि आपोआप फ्लश होणारे संडास होते. अंगरखा बाराव्या शतकाचा आणि प्लंबिंग एकोणिसाव्याचे. प्लंबिंगबद्दल मला राजाविषयी खरा आदर वाटतो. राजाला ते फुकट होते. तुम्हाला खाली गावात त्यासाठी नाणी मोजावी लागतात, म्हणून सकाळी सांगितले.

या माणसाला माणसे नको होती, हे दर्शनाच्या वेळी लक्षात ठेवावे, विशेषतः मागचा पर्यटक तुमच्या टाचेवर पाय देत असताना. लिंडरहोफ या त्याच्या दुसऱ्या राजवाड्यात जेवणाचे टेबलच जमिनीतून खाली स्वयंपाकघरात जाई आणि भरून वर येई. वाढप्याचे तोंड दिसू नये म्हणून. नॉयश्वानस्टाइनमध्ये तो सगळे मिळून सहा महिनेही राहिला नाही. जून १८८६ मध्ये चार डॉक्टरांनी त्याला स्वतः न तपासता वेडा ठरवले, इथूनच धरून नेले, आणि १३ जूनला स्टार्नबर्ग सरोवरात तो आणि त्या डॉक्टरांतला मुख्य, फॉन गुडेन, अशा दोघांचे मृतदेह सापडले. नेमके काय घडले यावर गाइडचे एक मत असते, कोचच्या चालकाचे दुसरे. १ ऑगस्टला राजवाडा तिकीट लावून लोकांना खुला झाला. म्हणजे राजाच्या तेराव्यानंतर जेमतेम सव्वा महिना. आज तिथे वर्षाला १० लाखांहून अधिक माणसे येतात, आणि त्याच्या डोक्यावरच्या कर्जाला ज्यांनी नाके मुरडली, त्यांच्या वारसांचे आता बरे चालले आहे.

बाहेर पडण्याचा मार्ग दुकानातून जातो. दुसरा मार्ग विचारू नये. चुंबक घ्यावा, एकच. फ्रिज भारतात आहे आणि त्याच्यावर जागा उरलेली नाही.

यानंतर फ्युसेन. पत्रकात याला "रमणीय जुने शहर" म्हटलेले असते आणि फ्री टाइम पन्नास मिनिटांचा दिलेला असतो. त्यातील वाटणी अशी: स्वच्छतागृह शोधणे बारा मिनिटे, ते सापडल्यावर रांग दहा, शाकाहारी काय मिळेल याची चौकशी नऊ, आइस्क्रीम आठ, हरवलेल्या काकांचा शोध अकरा. हिशेब बरोबर पन्नास होतो. शहर त्यात बसत नाही.

ज्यांना शिस्त मोडायचीच आहे, त्यांच्यासाठी पुढील मजकूर. इतरांनी तो सोडून द्यावा. राइखनस्ट्रासे या पादचारी रस्त्याने वर जाऊन डावी-उजवी न करता चढ चढला की होहेस श्लॉस लागतो. हा खरा जुना किल्ला. आउग्सबुर्गच्या बिशपांचे उन्हाळी निवासस्थान. चौकात उभे राहून भिंतींकडे पाहावे: सुबक खिडक्या, पुढे आलेले नक्षीदार सज्जे, कोपऱ्यांचे घडीव दगड. आणि मग मान थोडी वाकडी केली की कळते, यातले कित्येक नुसते रंगवलेले आहेत. पाचशे वर्षांपूर्वी कोणीतरी सपाट भिंतीवर सज्जे काढून ठेवले. सकाळी ज्या वाड्यासाठी जीव टाकला तो खोटा आणि त्याच्या खिडक्या खऱ्या. हा किल्ला खरा आणि खिडक्या खोट्या. चौकात बहुधा तुम्ही, एक मांजर आणि एखादे वयस्कर जर्मन जोडपे असते. माझ्या मते सबंध दिवसाचे पैसे इथे वसूल होतात, पण हे टूर मॅनेजरला सांगितल्यास तो पुढच्या वेळी इथेही घोडागाडी आणील.

खाली संत मांगच्या मठात १६०२ च्या सुमारास रंगवलेले मृत्युनृत्य आहे. पोप, सम्राट, व्यापारी, शेतकरी, सगळ्यांना मृत्यू हाताला धरून नेतो आहे. त्याच्याकडे फ्री टाइम नाही. गावात १५६२ साली ल्यूट बनवणाऱ्या कारागिरांचा संघ स्थापन झाला होता आणि त्यांच्या हातची वाद्ये युरोपभर गेली. चौकातल्या कारंज्यावर असाच एक कारागीर उभा आहे. त्याच्या पायथ्याशी बसून ग्रुप आइस्क्रीम खातो आणि काकांची वाट पाहतो. लेख नदीचे पाणी हिरवट निळे आहे. ते पाहायला दोन मिनिटे पुरतात, पण ती वरील वाटणीत नाहीत.

कोचकडे वेळेवर परतावे. युरोपात चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची सक्तीची विश्रांती आहे आणि दिवसाच्या तासांनाही मर्यादा आहे. गाडीतले यंत्र त्याची नोंद ठेवते. प्रवाशांसाठी असा कायदा युरोपीय संघाने केलेला नाही. उशिरा येणाऱ्याने खाली मान घालून चढावे आणि टाळ्या वाजल्यास आभार मानू नयेत.

परतीच्या वाटेवर ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर पुलावरचा एकच फोटो छत्तीस जणांकडून येऊ लागतो. प्रत्येकाला अंगठा द्यावा. भारतात परतल्यावर नातेवाईक पुलावरचा फोटो मन लावून पाहतात आणि "आतून कसा आहे?" असे विचारतात. "फोटोला बंदी होती," एवढेच सांगावे. पुढे कोणी काही विचारत नाही.