२८० दिवसांचा वेडेपणा

भारतीय पुरावा कायदा १८७२ सालचा. रक्तगटांचाही शोध तेव्हा लागलेला नव्हता. त्याच्या कलम ११२ ने सांगून टाकलं: लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यावर आईने दुसरं लग्न केलेलं नसताना २८० दिवसांच्या आत मूल जन्मलं, तर ते त्या नवऱ्याचंच. गर्भ राहू शकला असता त्या काळात नवरा-बायकोची गाठ पडणंच शक्य नव्हतं, हे सिद्ध केलं तरच सुटका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तेव्हा हेच कलम ११६ होऊन जसंच्या तसं पुढे आलं. डीएनएचा त्यात उल्लेखही नाही.

शहाण्यांना हा शुद्ध वेडेपणा वाटतो. मला तो मनापासून प्रिय आहे.

पुण्याच्या एका घटस्फोटाच्या खटल्यात बायकोचा व्यभिचार सिद्ध करण्यासाठी नवऱ्याने धाकट्या मुलाची डीएनए चाचणी मागितली. कुटुंब न्यायालयाने ती मंजूर केली, उच्च न्यायालयाने कायम ठेवली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली: व्यभिचार सिद्ध करायचा तर दुसरा पुरावा आणा. भांडण मोठ्यांचं, मग नमुना मुलाचा का?

उलट २०१४ साली पोटगीच्या एका खटल्यात शहाणपण जिंकलं. बाप हा नव्हे, असा अहवाल हाती होता. न्यायालयाने विज्ञान मानलं आणि मुलीची पोटगी थांबली. दिलेले पैसे परत घ्यायचे नाहीत, एवढी दया उरली. निकाल तर्काला धरून होता, तरी मला त्याचा आनंद होत नाही. सत्य सापडलं आणि मुलीचा बाप गेला. दुसरा कुणी तिला मिळाला नाही.

जर्मनी या वेडेपणात आपल्याही पुढे आहे. संशयाचं कारण कळल्यापासून दोन वर्षांत बापाने पितृत्वाला आव्हान द्यायचं. नंतर दार बंद. २००८ पासून तिथे चाचणी मात्र कधीही मागता येते. म्हणजे सत्य कळेल, पण बापपण सुटणार नाही. मुलाची दोन वर्षं मात्र सज्ञान होण्याआधी सुरूच होत नाहीत.

ही शेवटची तरतूद आपल्याकडेही हवी. मोठ्यांसाठी मुदत कडक ठेवा, हवी तर आणखी आखडा. पण आपला बाप कोण, हे विचारायला मूल स्वतः न्यायालयात आलं, तर त्याच्यापुढे कॅलेंडर धरू नका.