चिखलदऱ्याला काय घालून जावं?

वऱ्हाडी माणसाला ऊन कळतं. पारा 45 च्या वर गेला की दुपट्टा कसा बांधायचा, हे अकोल्यात कोणाला शिकवावं लागत नाही. पण तोच माणूस ऑगस्टच्या रविवारी परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढतो, तेव्हा अंगात जीन्स, सुती टी-शर्ट आणि पिशवीत ‘असू द्या’ म्हणून कोंबलेला स्वेटर. देवी पॉइंटवर पाऊस-वारा एकदम आला की दातांची कडकड सुरू. माझं म्हणणं असं, की या मंडळींनी थंड समुद्रात काइटसर्फिंग (पतंगाच्या ओढीनं लाटांवर फळी चालवणं) शिकणाऱ्याचा वेटसूट, म्हणजे अंगाला चिकटणारा रबरी पोशाख, अभ्यासावा. विकत घेऊ नये, नुसता अभ्यासावा.

“भाऊ, पावसाळ्यात कायची थंडी?” हा पहिला आक्षेप. चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंचीवर, अकोला 300 च्या आत. उंचीमुळे पडणारा फरक जेमतेम पाच-सहा अंशांचा. तेवढ्यानं कोणी गारठत नाही. गारठवतं ते ओलं कापड आणि वारा. दर उन्हाळ्यात खिडकीला कूलर लावणारा माणूस ओला शर्ट घालून वाऱ्यात उभा राहतो, म्हणजे स्वतःच कूलरची ताटी होतो! यावर एखादा हुशार अकोलेकर म्हणेल, आषाढात दमट हवेत कूलर कुचकामी ठरतो, मग धुक्यात हा कसा चालेल? प्रश्न रास्त आहे. पण ताटीच्या पाण्याला कोणी आतून तापवत नाही. आपलं अंग मात्र कापडाला सतत तापवत राहतं, म्हणून धुक्यातही वाफ निघतच राहते. वर पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगानं ऊब ओढतं, ते वेगळंच.

आता वेटसूटकडे वळू. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञानं ओळखलं, की ऊब टिकवायला कोरडं राहण्याची गरज नाही. निओप्रीन रबरात वायूचे बारीक बुडबुडे असतात. ऊब तेच अडवतात, आत पाणी शिरलं तरी. सूटवर 5/4 लिहिलेलं असलं तर धडाला पाच मिलिमीटर, हातापायांना चार. नवशिक्यानं जाड सूट घ्यावा, कारण तो लाटेवर कमी आणि पाण्यात जास्त असतो. शिवाय पतंगवाल्याला ओल्या अंगानं वाऱ्यात राहावं लागतं, म्हणून छातीवर गुळगुळीत रबर बरं. त्यावर पाणी टिकत नाही. चिखलदऱ्याचा नवखा पर्यटकही फिरतो कमी. भुट्टा, फोटो आणि मागे राहिलेल्या साडूची वाट पाहण्यात उभाच जास्त. तेव्हा अंगालगत पॉलिस्टर, वर वारा अडवणारं विंडचीटर, आणि जीन्स घरी. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते, हे मान्य. पण तिच्या विणीतून वारा आरपार जातो. प्लास्टिकच्या पोंचोबद्दल न बोललेलं बरं. त्यात वारा भरला की काइटसर्फिंगचा पहिला धडा फुकटात मिळतो, फक्त खाली समुद्राऐवजी दरी असते.

उरलं माप. ‘अंगाला होईल’ म्हणून दोन नंबर मोठं घ्यायची आपली रीत इथं घातक. सैल वेटसूटमध्ये दर लाटेला गार पाणी आत-बाहेर करतं. सैल विंडचीटरमध्ये तेच काम वारा करतो. यावर शेवटचा आणि सगळ्यात कळकळीचा आक्षेप येतो, की घट्ट कपड्यांत पोट दिसतं. पण ऑगस्टमध्ये देवी पॉइंटवर अख्खी दरी दिसत नाही, तिथं पोट कोणाला दिसणार?