रोजचीच पुनव

बोईसरच्या माणसाने क्रूझवर जावं की नाही, हा वेगळा वाद. पण जायचंच असेल तर सातपाटीची बायको बरोबर नेऊ नये.

निवृत्तीच्या पैशातून आम्ही ताहितीची क्रूझ काढली. पापीतेहून निघायचं आणि मूरेआ, बोराबोरा करून परत यायचं. जाहिरातीत पाणी निळंशार. आमच्या केळव्याचं पाणी मातकट, पण त्यात २०२३ साली राज्यमासा झालेलं पापलेट असतं. "ह्या निळ्यात काय मिळतं?" हा हिचा पहिला प्रश्न.

बोराबोराला जहाज प्रवाळाच्या कड्याआत नांगर टाकतं आणि छोट्या होडीने वायतापे गावात उतरवतं. सगळे ७२७ मीटर उंच ओटेमानू डोंगराचे फोटो काढत होते, ही धक्क्याच्या खांबाकडे बघत होती. खांबावरची ओली रेघ जेमतेम वीतभर.

"अहो, इथं ओहोटी लागते की नाही?"

सातपाटीत उधाणाला पाणी दोन पुरुष चढतं. भरतीची वेळ काढायला तिथीला पाऊणने गुणायचं. एकादशी असेल तर सव्वाआठ. हिने पर्समधून कालनिर्णय काढलं. षष्ठी, म्हणजे साडेचार. गाइड म्हणाला, बारा. उद्या? बारा. परवा? बाराच.

"म्हणजे यांची रोजच पुनव?"

गाइडने समजावलं. या बेटांजवळ चंद्राची भरती जवळजवळ शून्यावर येते. उरते ती सूर्याची, आणि सूर्य काही रोज पाऊण तास उशिरा उगवत नाही. हिला ते पटलं, पण आवडलं नाही. "चंद्राचं चालतच नसेल, तर नारळी पुनवेला नारळ कुणाच्या भरवशावर टाकायचा?"

जेवणात लिंबू आणि नारळाच्या दुधातला कच्चा टुना आला. हिने ताट माझ्याकडे सरकवलं. मग आला फाफा: अळूची पानं, नारळाचं दूध आणि चक्क कोंबडी. तो हिने पुन्हा मागून घेतला. अळूच्या फदफद्यात कोंबडी घालायची सोय असताना आपण पिढ्यानपिढ्या शेंगदाणे घालत बसलो, याचं मलाही वाईट वाटलं.

शेजारच्या फ्रेंच आजोबांनी विचारलं, तुमच्याकडे बघण्यासारखं काय? मी छाती फुगवून सांगितलं, तारापूरचं अणुवीज केंद्र, १९६९ पासून चालू आहे. आजोबा एकदम डोंगर न्याहाळायला लागले. याच फ्रेंच पॉलिनेशियात, मोरुरोआ आणि फांगाताउफा बेटांवर, फ्रान्सने १९६६ ते १९९६ अणुचाचण्या केल्या होत्या. विषय त्यांनीच काढला होता, मी नाही.

दुपारी बाराला हिने सातपाटीला फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेतीन, भाऊ होडीवर निघालेला.

"दादा, इथं भरती रोज बाराला. आणि ती पण फूटभर."

पलीकडे बराच वेळ नुसता वारा.

"फूटभर? मग पाण्याला ओढ कसली गं? डोलजाळी लावली तर बोंबील काय चालत येणार?"

"बोंबील नाही रे, इथं माणसं धरतात. आम्ही दोघं लागलोय."